तारवातून आलेलं

“तारवातून आलं, ते पितरांच्या पानात पडायचं नाही.”

कमलाक्षी हे बोलली तेव्हा सुमंगलेच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पार्से गावातल्या त्या घरात तो तिचा पहिला म्हाळ. भाद्रपदाच्या काळोख्या पंधरवड्यात पितरांना पान वाढतात, त्याला पेडण्याकडे म्हाळ म्हणतात. थोरल्या जावेला मदत करावी म्हणून सुमंगला पहाटेच पाट्यावर बसली आणि ओल्या नारळाबरोबर तिनं दोन हिरव्या मिरच्या वाटल्या. कमलाक्षीला दारातूनच वास आला. वाटणाचा गोळा तिनं उचलला, माडाच्या अळ्यात नेऊन टाकला आणि पाटा घासायला घेतला.

“परसातलीच मिरसांग गो, वयनी,” सुमंगला म्हणाली. मिरचीला ती मिरसांग म्हणे.

“परसात कुठून आली?”

“मीच रोप आणलं, हळर्णहून. माहेरच्या वाफ्यातलं.”

“आणि हळर्णात कुठून आली?”

सुमंगलेच्या लेखी हळर्णात मिरची कायमचीच होती, किल्ल्याच्या चिऱ्यांसारखी. ती कुठून तरी आली असेल हे कधी तिच्या मनातही आलं नव्हतं. तेव्हा कमलाक्षीनं ते वाक्य म्हटलं, आणि नव्यानं नारळ फोडला.

तारू म्हणजे जहाज. फिरंग्यांच्या तारवांनी दर्यापलीकडून जे आणलं, ती मिरची, तो बटाटा, काजू, पपई, अननस, ते जिवंत माणसांनी खुशाल खावं. कमलाक्षी स्वतः एरवी जेवणात मिरची अशी घाली की सुमंगलेच्या नवऱ्याच्या, सगुणाच्या, डोळ्यांतून पाणी येई. पण म्हाळाच्या दिवशी तिखटाला मिरी आणि आलं. आंबटाला भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं. भाजीला अळू, केळफूल, सुरण आणि गोठ्याच्या छपरावर वाढलेला तांबडा भोपळा. अख्ख्या डोंगरावर काजूच काजू, पण खिरीत एक बी पडत नसे.

“का म्हणून विचारशील तर,” ती एकदा चूल फुंकताना म्हणाली होती, “पितर डोळ्यांनी येत नाहीत. त्यांना डोळे कुठले? ते जिभेच्या आठवणीनं येतात. पानात ओळखीची चव लागली नाही तर त्यांना वाटतं, आपण भलत्याच घरात आलो. मग मागे फिरतात.”

हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. सासूचं नाव चंद्रावती. सुमंगलेनं सासूला पाहिलं नव्हतं. ती आधीच गेली होती. पण घरात प्रत्येक गोष्ट अजून तिच्या रीतीनं होई. भावकीतल्या इतर घरांनाही म्हाळ आला की कमलाक्षीच लागे. ती चुलीपाशी बसली की कुणी डोकावून बघायचं धाडस करीत नसे. एकटा सगुण, तिचा दीर, थट्टा करी. तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि शनिवारी लाल धूळ घेऊन घरी यायचा.

खिडकीकडे, मग चमच्याकडे बोट दाखवून तो म्हणे, “वयनी, हे जनेल फिरंग्याचं. मीठ काढतेस ती कुलेर फिरंग्याची. मग पितर आत शिरतात कुठून?”

“मागच्या दारानं. दार आमचं आहे.”

“आता तर आमची मातीच तारवात भरून जपानला जाते. तिकडच्या पितरांना चालते का, बघून येऊ?”

“तू जाऊ नकोस,” कमलाक्षी म्हणाली. “एक गेला तो पुरे.”

मग थट्टा तिथंच थांबे.

जो गेला तो कृष्णनाथ, सगुणाचा थोरला भाऊ, कमलाक्षीचा नवरा. गोवा सुटायच्या दहाबारा वर्षं आधीची गोष्ट. दीवच्या एका व्यापाऱ्याचं आफ्रिकेत दुकान होतं, फिरंग्यांच्याच मोझांबिक मुलखात, इन्यांबान नावाच्या बंदरावर. तिथं माणूस हवा होता. कृष्णनाथाला फिरंगी लिहितावाचता येत होतं. कमलाक्षी तेव्हा विशीतही नव्हती. मुरगांवच्या धक्क्यावर तिला कुणी नेलं नाही. घरच्या मागच्या दारीच त्यानं तिचा निरोप घेतला. तिथं तेव्हा एक मोठा फणस होता. जाताना त्यानं परसातल्या सुक्या मिरच्यांचं बी धोतराच्या गाठीत बांधून घेतलं. तिकडचं तिखट बरं लागलं नाही तर, म्हणाला.

आरंभी पत्रं येत. कधी कुणा तारवट्या खलाशाबरोबर एखादा कापडाचा तागा येई. मग हिंदुस्थानचं सैन्य आलं आणि गोवा सुटला. पेडण्यात लोकांनी रस्त्यावर साखर वाटली. कमलाक्षीनंही घेतली, तोंडात टाकली. त्या दिवसापासून फिरंग्यांच्या मुलखांचा आणि इथला टपालाचा धागा तुटला. तिकडच्या माणसांना इकडे येता येईना. गावाला दार उघडल्यासारखं झालं, आणि त्या एका बाईच्या बाजूला समुद्राचं दार लागलं. हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. स्वातंत्र्याच्या दिवशी शाळेत झेंडावंदनाला ती जायची, मुलांना खाऊ द्यायची. घरी येऊन कपाळावरचं कुंकू ठीक करायची, आणि कामाला लागायची.

बारा वर्षं बातमी नसलेल्या माणसाचं काय करायचं ते शास्त्रात आहे. पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात. मग तो माणूस मेलेल्यांत धरला जातो आणि त्याला पान वाढता येतं. बारा वर्षं उलटली तेव्हा सगुण हे बोलून बसला. कमलाक्षी भात उपसत होती.

“नारळाला मी नवरा म्हणू?” ती म्हणाली.

“वयनी, दादा उपाशी असला तर? मेला असला आणि पानच नसलं तर?”

“आणि जिता असला तर? जित्या माणसाचं पान वाढशील?”

त्यानंतर दर म्हाळाला हाच वाद उठे आणि दर म्हाळाला दोनच पानं पडत, एक सासऱ्याच्या नावाचं, एक सासूच्या. तिसऱ्या पानाची जागा रिकामी नव्हती. ती जागाच नव्हती. पण सुमंगलेला ती दिसायची. पानं मांडताना कमलाक्षीचा हात दुसऱ्या पानानंतर किंचित थबकायचा, आणि मागे यायचा.

फिरंग्यांनी मोझांबिकही सोडलं, त्याच्या पुढच्या वर्षीचा श्रावण. पेडण्याहून मोटारसायकलवाला एका मुलीला मागे बसवून अंगणात आला. “सगुणबाब, तुमची पाहुणी!” ओरडला, आणि काय पाहुणी आणली ते बघायला जरा थांबलासुद्धा. मुलगी उतरली. वीस-एकवीसची असेल. काळीभोर, उंच, दाट कुरळ्या केसांवर फडकं बांधलेलं. हातात एक पिशवी. सुमंगला ओटीवर तांदूळ निवडत होती, ती सूप घेऊन तशीच उभी राहिली.

“हांव कृष्णनाथाची धूव,” मुलगी म्हणाली. “थोरली आई खंय आसा?”

कृष्णनाथाची मुलगी, आणि थोरली आई कुठे म्हणून ती कमलाक्षीलाच विचारत होती. सुमंगलेच्या कानांवर विश्वास बसेना. मुलीनं जे सांगितलं त्याच्यावर तर नाहीच, पण ज्या बोलीत सांगितलं त्या बोलीवरही नाही. ही पेडण्याचीच बोली होती, पण आताची नव्हे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून गळून गेलेले शब्द या परक्या मुलीच्या तोंडी ताजे होते. एका माणसानं ते पंचवीस वर्षांपूर्वी इथून नेले, तिथं त्यांना कुणी म्हातारं होऊ दिलं नाही.

सगुण घरातच होता, पावसात खाण बंद म्हणून. तो बाहेर आला. मुलीच्या कानांकडे त्याची नजर गेली. पाळ्या गालाला चिकटलेल्या, अगदी त्याच्या स्वतःच्या. तरी त्यानं विचारलं, “नाव काय?”

“इस्कोलात मारिया. घरात चंद्रावती.”

“चंद्रावती,” सगुण पुन्हा म्हणाला. त्याच्या आईचं नाव.

कमलाक्षी आतल्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मुलगी तिच्या पाया पडायला पुढे झाली तशी ती मागे सरकली.

“खरं कशावरून?” तिनं विचारलं, पण मुलीला नव्हे, सगुणाला.

मुलीनं इकडेतिकडे पाहिलं. “मागच्या दारी फणस आहे ना?” ती म्हणाली. “त्याच्या मुळाशी मोडकं जातं. पापा सांगायचे.”

फणस सुमंगला घरात यायच्याही आधी वादळात पडला होता. मोडकं जातं पुढे दगड म्हणून विहिरीच्या कठड्यात घातलं होतं. हे घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मग बातमी आली, जशी बाकीच्या घरांत यायची तशीच, दाराच्या चौकटीत उभं राहून सांगितलेली. कृष्णनाथ सात-आठ वर्षांपूर्वी तापानं गेला. हिंदूंचं स्मशान तिथून लांब, मोठ्या शहरात, नेणार कोण? तिच्या आईनं त्याला घरामागे काजूच्या झाडाखाली पुरलं. आईही पुढे गेली. मग मुलगी म्हापशाच्या एका ख्रिश्चन कुटुंबाकडे मुलं सांभाळायला राहिली आणि ते परत यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर आगबोटीत चढली. दसऱ्यानंतर ती माणसं लिस्बनला जायची होती. तिलाही नेणार होती.

“मला एवढंच हवं,” ती म्हणाली. “पापाचं पान. इथं, मागच्या दारी. तिथं मी दर साल वाढायची. पण तिथला कावळा वेगळा. छातीवर पांढरा. पापा म्हणायचे, त्या कावळ्याला माझं नाव ठाऊक नाही.”

कमलाक्षी आत गेली. थोड्या वेळानं तांब्याचा आवाज आला; ती न्हाणीत भांडी घासत होती, घासलेलीच.

मुलगी पडवीत राहिली. सगुणानं तिला जागा करून दिली. दुसरं काय करणार होता? जेवण कमलाक्षीच काढून देई, पण सुमंगलेच्या हातून पाठवी आणि केळीच्या पानावर वाढी, घरच्या ताटात नाही. मुलीनं पिशवीतून फडक्याची एक पुरचुंडी काढली होती. त्यात सुक्या मिरच्या होत्या, बारीक, काळसर लाल. पापानं इथून नेलेल्या बियांच्या, ती म्हणाली. दर साल त्याच बियांतून नवी रोपं. त्या परत आणायचं पापाच्या मनात होतं, आता तिनं आणल्या. कमलाक्षीनं हात पुढे केला नाही. पुरचुंडी पडवीतल्या खिळ्याला लटकत राहिली.

सगुणानं मग थांबायचं सोडून दिलं. बातमी आली होती, आता शास्त्राला बारा वर्षांचीही गरज नव्हती. बाबाजी भट, त्यांच्या कुळाचा उपाध्या, त्याला घेऊन तो शापोरा नदीवर गेला. पळसाच्या पानांचा माणूस केला. नारळ ठेवला. पाऊस होता, पेटायला वेळ लागला. मिशी उतरवून सगुण घरी आला तेव्हा कमलाक्षी अळूची पानं शिरा काढून एकावर एक ठेवत होती. कपाळावर कुंकू होतं.

“वयनी, लोक काय म्हणतील?” सुमंगला हळूच म्हणाली.

“म्हणतील, नारळ जळला. नारळासाठी कुंकू पुसू?”

“पण ती सांगते ना! ती काय खोटं सांगते?”

“खोटं नाही सांगत.” कमलाक्षीनं शीर ओढून काढली. “माझा नवरा तारवातून गेला, सुमंगल. तारवानं माणूस परत द्यायला हवा होता. बातमी दिली. आणि ही दिली.”

सुमंगलेला तेव्हा कळलं की तारवातून आलेल्या गोष्टींवरचा या बाईचा राग सासूनं शिकवलेला नव्हता. रीत सासूची होती. राग हिचा स्वतःचा.

दिवस गेले. मुलगी बसून राहणारी नव्हती. अंगण झाडी, विहिरीचं पाणी ओढी, गोठ्यातलं शेण काढी. गावातल्या पोरांना आधी तिच्या केसांचं नवल, मग ती त्यांना माडाच्या झावळ्यांचे साप विणून देऊ लागली तशी पोरं दिवसभर पडवीत. एक दिवस सुमंगलेनं तिला खोबरं किसायला सांगितलं. आदोळी पुढे केली; लाकडी पाट, पुढे लोखंडाची दातेरी जीभ. शिकवावं लागेल असं सुमंगलेला वाटलं. मुलगी पाटावर बसली, एक गुडघा उभा धरला, नारळाची कवड दोन्ही हातांत धरून अशी फिरवू लागली की किसाचा पांढरा धबधबा परातीत पडू लागला.

कमलाक्षी चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कुणी शिकवलं?” तिनं विचारलं. इतक्या दिवसांत तिनं मुलीला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“आईनं.”

“तिथं आदोळी असते?”

“असते तर! अशीच. घराघरांत. पापा पहिल्यांदा आईच्या अंगणात आले तेव्हा आई खोबरं किसत होती. पापा म्हणाले, ही आमची आदोळी. आई म्हणाली, ही आमची. त्यावरून भांडले.” मुलगी हसली. “मग पुढे तेच.”

सुमंगलेनं जीभ चावली. कमलाक्षी चुलीकडे वळली. तिनं लाकूड आत सारलं, जरा जास्तच आत, आणि धूर झाला. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे कुणाचं कसलं ते कळायचा प्रश्न उरला नाही.

म्हाळाचा दिवस उजाडला. सगुण न्हाऊन, सोवळं नेसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“वयनी, आज तीन पानं.”

“दोन.”

“दादाला अग्नी मी दिला. बाबाजी म्हणतो, आता पान न वाढणं हे पाप.”

“पाप मला लागू दे.”

“तुला नाही लागत. तो उपाशी राहतो.” सगुणाचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “ती पोर दसऱ्याला जाणार. परत काय येणार आहे? तिला एकदा बघू दे तरी. दादाला मी पान वाढू शकत नाही या घरात, तर मी इथं कोण?”

“मी रांधते ते दोन पानांचं रांधते,” कमलाक्षी म्हणाली. “तिसरं रांधायला माझा हात उचलत नाही, सगुणा. तू हवं तर दुसरीकडून रांधून आण.”

दुसरीकडून रांधून आणलेलं पान पितरांना चालत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. सगुण ओटीवर जाऊन बसला. तिथं बाबाजी भट दर्भ निवडत होता; त्यानं मान वर केली नाही. घरात काय चाललंय ते त्याला भिंतीतून कळायचं, इतकी वर्षं तो येत होता.

मुलगी मागच्या दाराच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होती. ती उठून निघून जाईल असं सुमंगलेला वाटलं. पण ती गोठ्याच्या छपरावर चढली, वेलावरचा तांबडा भोपळा तोडला आणि कवेत धरून आत घेऊन आली. विळीपाशी ठेवला. पान मिळणार नाही हे ऐकूनही ती कामाला हात लावत होती.

“हा तिथंही असतो,” मुलगी म्हणाली. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली. “पापा लावायचे. इस्कोलात भिंतीवर मोठं चित्र होतं, फिरंग्याच्या तारवाचं. पाद्री छडी लावून आमच्याकडून म्हणवून घ्यायचा, ब्राझीलहून आमच्या तारवांनी जगाला काय काय दिलं.” तिनं लहान मुलीसारखे हात बांधले आणि तालावर म्हणू लागली, “काजू दिला, मका दिला, मिरसांग दिली, रताळं दिलं, पपई दिली, भोपळा दिला…”

ती थांबली. कमलाक्षीचा विळीवरचा हात थांबला होता.

“हा नव्हे,” कमलाक्षी म्हणाली.

मुलगी घाबरली. “नसेल. पाद्री चुकला असेल.”

“हा आमचा. सासूबाईंच्या सासूपासून पानात पडतो.”

चुलीवर मुगाचं पाणी उकळत होतं. मग कमलाक्षी सुमंगलेकडे न बघता म्हणाली, “जा. बाबाजीला विचार.”

सुमंगला ओटीवर गेली. बाबाजीनं प्रश्न ऐकला, दर्भ खाली ठेवला. तो म्हातारा माणूस, त्याला भांडण लावायची हौस नव्हती.

“पोथीत कूष्मांड आहे,” तो म्हणाला. “ते म्हणजे पांढरा कोहळा. तांबड्याचं नाव नाही कुठं.” मग जरा थांबून, “पण गावात सगळ्यांच्याच पानांत पडतो गो. माझ्या बापाच्याही पडला.”

सुमंगलेनं आत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. सांगताना ती भोपळ्याकडेच बघत होती. अर्धा चिरलेला, आतून केशरी, बिया ओल्या. एरवी तिनं यावर काहीतरी चावट बोलून सगळ्यांना हसवलं असतं. आज नाही. किती घरांत या बाईनं मिरचीचं वाटण फेकून दिलं होतं! किती पाटे धुवायला लावले होते! आणि त्याच पानांत, पहिल्या वाढीला, स्वतःच्या हातानं, हा.

कमलाक्षी विळीवरून उठली नाही. तिनं एक फोड उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली. तिच्या मनात काय चाललं होतं ते सुमंगलेला कळण्यासारखं नव्हतं. पण एक गोष्ट तिला आठवली आणि तिला खात्री वाटली की कमलाक्षीलाही आत्ता तीच आठवत असणार. चंद्रावतीच्या, सासूच्या, पानावर कावळा बसला की दर वर्षी तो पहिली चोच भोपळ्याच्या फोडीला लावी. भाताला नाही, वड्याला नाही. “सासूबाईंना भोपळा फार आवडायचा,” कमलाक्षी मग समाधानानं म्हणायची. “बघ, ओळखला.”

सासूनं ओळखला होता. मागे फिरली नव्हती.

कमलाक्षीनं उरलेला भोपळा चिरला. फोडी धुतल्या आणि टोपात टाकल्या. सुमंगलेनं श्वास सोडला तो इतक्या मोठ्यानं की कमलाक्षीनं मान वळवून बघितलं.

“काय झालं गो? मिरी वाट.”

वडे तळले गेले. खीर उकळली. मुलीनं आदोळीवर बसून सगळं खोबरं किसून दिलं, आणि या वेळी किसलेल्या खोबऱ्याची परात कमलाक्षीनं तिच्या हातातून घेतली. पुढे ओटीवर बाबाजीचे मंत्र सुरू झाले. सगुणाचा आवाज त्याच्यामागून येत होता, कुठं कुठं अडत. वाढायची वेळ झाली तशी कमलाक्षी विहिरीवर हातपाय धुवायला गेली. परत आली तेव्हा तिचं कपाळ ओलं होतं आणि कुंकू नव्हतं. पाण्यानं गेलं की तिनं पुसलं, सुमंगलेला कळलं नाही. विचारायची ती वेळ नव्हती.

कमलाक्षीनं पानं मांडली. एक. दुसरं. हात थबकला, दर वर्षी थबकतो तसा. मग तिनं केळीचं तिसरं पान पुसून, देठ डावीकडे करून, दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं.

ओटीवर सगुणाचा मंत्र मध्येच तुटला. बाबाजीनं तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

तिन्ही पानांवर तिनं सारखंच वाढलं. भात, वरण, अळू, केळफूल, सुरणाचे काप, वडा, खीर. भोपळ्याची फोड. डाव्या हाताला मीठ. तिसऱ्या पानाशी येऊन ती थांबली. त्याच्याकडे बघत उभी राहिली, जशी ती भावकीतल्या घरांत शेवटी उभी राहायची, काही राहिलं का ते बघत. भात होता, मिरी होती, सोलं होती. पंचवीस वर्षांपूर्वी या घरातून जेवून गेलेल्या माणसाचं ते पान होतं. पण तो पुढे तिकडे जेवला होता, दुसऱ्या चुलीवरचं, दुसऱ्या हातचं. याच चवीवर तो आता आला असता तर त्याला घर ओळखता आलं असतं का?

कमलाक्षी पडवीत गेली. खिळ्यावरची पुरचुंडी तिनं काढली, गाठ सोडली. सुक्या मिरच्यांतून एक निवडली, देठाला धरून. मुलगी उठून उभी राहिली होती. तिचे हात साडीचा पदर चाचपत होते, पण अंगावर साडी नव्हती, झगा होता. सुमंगला काही म्हणणार होती. म्हाळाच्या पानात मिरसांग!

कमलाक्षीनं ती मिरची तिसऱ्या पानावर, मिठाच्या शेजारी ठेवली.

मग तिनं पान उचललं. ओल्या पानाचं एक टोक जड होऊन खाली झुकलं. तिनं ते टोक मुलीच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. मुलीनं टोक नीट धरेपर्यंत कमलाक्षी जरा थांबली. मागचं दार उघडंच होतं. बाहेर जिथं एके काळी फणस होता तिथं ऊन पडलं होतं, आणि कठड्यावर, मोडक्या जात्याच्या दगडावर, कावळा होता की नव्हता ते सुमंगलेला आतून दिसेना.

कमलाक्षीनं उंबऱ्यावरून पाय बाहेर टाकला. पान दोघींच्या मध्ये धरून ती बाहेर गेली.